खोकल्याची परीक्षा

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना नकळत लघवी होणे हा विकार असंख्य स्त्रिया बाळंतपणानंतर वर्षानुवर्षे निमूटपणे सोसतात. बाईच्या जन्माला हे असायचेच, अशी घरात समजूत. आणि दवाखान्यात बहुधा तसा प्रश्नच विचारला जात नाही. वस्तुतः ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व मूत्रमार्गाचा आधार सैल पडला की पोटावरचा दाब वाढताच मूत्र निसटते. यात लाजण्यासारखे काय आहे?

निदानाला मोठी यंत्रे लागतात, ही सबबही टिकणारी नाही. आपुलकीने केलेली विचारपूस, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहण्यासाठी लघवीची साधी तपासणी, तीन दिवसांच्या लघवीची व गळण्याची नोंद (लिहिता न येणाऱ्या बाईसाठी ती आशा कार्यकर्तीने करावी), आणि मूत्राशय भरलेले असताना खोकायला सांगून प्रत्यक्ष पाहणे, एवढ्यावर बरेच कळते. खोकताक्षणी थेंब आले तर आधार सैल झाला आहे. काही क्षणांनंतर धार लागली तर मूत्राशयाच्या अनावर आकुंचनाचा संशय घ्यावा लागतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. निजून काही दिसले नाही तर उभे करून पुन्हा पाहावे.

मूत्राशयात नळी घालून दाब मोजणारी महागडी तपासणी गुंतागुंतीच्या रुग्णांना हवीच. परंतु हा विकार साध्या तपासणीत स्पष्ट दिसलेल्या ६३० स्त्रियांचा अमेरिकेतील अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने यशाचे प्रमाण ही तपासणी झालेल्यांत ७६.९ टक्के, न झालेल्यांत ७७.२ टक्के होते. यंत्राच्या नावाने बिल वाढविणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत.

निदानाआधी सुरी चालविणे हा तर अन्यायच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली होती. त्या शस्त्रक्रियांची कारणे निरनिराळी सांगितली गेली. पण गर्भाशय काढून मूत्र गळणे थांबत नाही, हे प्रत्येक बाईला आधी सांगितले गेले पाहिजे. या विकारावरचा पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा निदान तीन महिन्यांचा व्यायाम हाच आहे, आणि तो शिकविण्यास शस्त्रक्रियागृह लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पडद्याआडची एक खोली आहे काय, तिथे तपासणीला स्त्री कर्मचारी असते काय, आणि बाळंतपणानंतरच्या भेटीत हा एक प्रश्न विचारला जातो काय, याची विचारणा कार्यकर्त्यांनी रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्याच बैठकीत करावी.