सुटीतले पुस्तक निवडायचे कोणी? पालकांनी की मुलांनी?

परीक्षा संपल्या, निकाल लागले. आता जूनच्या मध्यापर्यंत आणि विदर्भात त्याहूनही थोडी जास्त सुटी. ‘मुलांनी काहीतरी वाचावे’ असे या दिवसांत घरोघरी म्हटले जाते. मग थोरांची चरित्रे, सामान्यज्ञान, ‘इंग्रजी सुधारा’ अशी खरेदी होते. आठवडाभरात ती पुस्तके कपाटात जातात आणि दोष मोबाइलला मिळतो. मोबाइलचा वाटा आहेच. पण मुलाला न विचारता केलेल्या निवडीचाही आहे.

सुटीतल्या वाचनाने फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झेन या संशोधकांनी गरीब घरांतील प्राथमिक शाळेच्या मुलांना सलग ३ वर्षे उन्हाळ्याच्या सुटीसाठी दर वर्षी १२ पुस्तके दिली. पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुले वाचनात पुढे गेली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. महत्त्वाचे म्हणजे ही पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती.

मुलाने भलतेच पुस्तक उचलले तर?

उचलू द्या. भुताच्या गोष्टी, विनोद, क्रिकेट, चित्रकथा, काहीही चालेल. सराईतपणे वाचता येणे हे भरपूर पाने वाचल्यानेच साधते आणि भरपूर पाने आवडीच्याच पुस्तकाची वाचली जातात. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’सारखी मालिका म्हणूनच उपयोगी. एक भाग आवडला की पुढचा मूल स्वतःच मागते.

फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे १० हक्क मांडले. पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही त्यात आहे. ‘पैसे मोजलेत, पूर्ण कर’ असे बजावले की पुस्तकाची शिक्षा होते.

मग पालकांनी काय करायचे?

• एकच पुस्तक आणू नका. चार-पाच समोर ठेवा आणि निवड मुलावर सोडा.

• पाच बोटांची चाचणी घ्या. कोणतेही पान उघडून वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटे उघडली, तर ते पुस्तक सध्या अवघड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा.

• सारांश लिहायला लावू नका. ‘पुढे काय झाले?’ एवढे विचारले तरी पुरे.

• सुरुवात कुठून करावी, हे कळत नसेल तर लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘यश’, ‘राधाचं घर’. आठ ते बारा वर्षांसाठी दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. त्यापुढे ‘तोत्तोचान’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. हा अभ्यासक्रम नाही, नुसता पर्याय आहे.

पुस्तके परवडत नसतील तर?

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘स्टोरीविव्हर’वर मराठीतील चित्रगोष्टी मोफत आहेत. ज्या मोबाइलवर आपण चिडतो, त्यावरच हे सारे उघडते. गावातले किंवा तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय तर आहेच. मुलाला एकदा सोबत नेऊन सभासद करा.

खरी अडचण कुठे आहे?

शाळेच्या कपाटात. वर्षभर मुलांना वेळ नसतो आणि वेळ मिळतो त्या महिन्यातच अनेक शाळांतील पुस्तकांना कुलूप लागते. घरात पुस्तके असलेल्या मुलाचे त्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय छापील पान नाही, तो मात्र या दीड महिन्यात मागे पडतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. शेवटच्या दिवशी कपाट उघडा, प्रत्येक मुलाला हवी ती तीन-चार पुस्तके निवडू द्या आणि वहीत नोंद ठेवा. काही पुस्तके फाटतील, एखादे हरवेलही. ते नुकसान मुख्याध्यापकांच्या माथी मारू नये, एवढी हमी शिक्षण विभागाने द्यावी. वाचून फाटलेले पुस्तक कामी आले म्हणायचे. वाया जाते ते कुलपातले.