टोमॅटोचे घड्याळ

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी मुले जेवणास हाक मारली तरी उठत नाहीत, ही पुष्कळ घरांतील तक्रार आम्ही ऐकतो. मुलांचा यात केवळ हट्ट नसतो. या कामात अनेक धागे एकाच वेळी मनात धरावे लागतात. मध्येच कोणी बोलले की ते सुटतात. म्हणून मुले उठतच नाहीत, आणि थकल्या डोळ्यांनी नव्या चुका पेरीत बसतात.

फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेत, यावर साधा उपाय योजिला. स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ लावून २५ मिनिटे एकच काम करावयाचे, मग ५ मिनिटे विसावा. चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटे विश्रांती. मध्येच दुसरे काही आठवल्यास कागदावर टिपून पुढे जावयाचे. इटालियन भाषेत टोमॅटोस 'पोमोदोरो' म्हणतात. तेच नाव पद्धतीस मिळाले.

२५ हा आकडा आम्हांस शास्त्रवचन वाटत नाही. अवघड कामास ५० मिनिटे घ्यावीत. पण गजर होताच खुर्ची सोडावी, आणि तत्पूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी, म्हणजे परतल्यावर धागा सापडतो. विसाव्यात मोबाईल पाहणे हा विसावाच नव्हे. गजरही त्यावरच लावणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! चावीचे साधे घड्याळ पुरे. मातांनीही गजर होईपर्यंत हाक आवरावी. तेवढ्या वेळात पोळी काही थंड होत नाही.