चकाकीचे मुद्दल

गाडीच्या रंगावर सर्वांत जास्त चरे कुठे पडतात, असे विचारले तर बहुतेक लोक महामार्गाकडे नाहीतर बाजारपेठेतल्या गर्दीकडे बोट दाखवतील. माझे निरीक्षण निराळे आहे. ते आपल्याच दारात, सकाळी सात वाजता, गाडी स्वच्छ करण्याच्या शुभकार्यात पडतात. शहापूर घ्या की मुरबाड, दृश्य एकच. एक बादली, जुन्या बनियनचे एक फडके आणि रात्रभर साचलेल्या धुळीवरून गोल गोल फिरणारा हात. दुसऱ्या दरवाज्याशी येईपर्यंत बादलीतल्या पाण्याला चहाचा रंग आलेला असतो. त्यातच पिळलेल्या फडक्याने उरलेली गाडी पुसली जाते, आणि पुष्कळदा त्याच फडक्याने आधी चाके पुसून झालेली असतात.

आमच्याकडची धूळ ही नुसती माती नव्हे. खडीच्या खाणी, सतत चालू असलेली रस्त्यांची कामे आणि डंपरची ये-जा यांमुळे तिच्यात काळ्या दगडाची पूड भरपूर असते, आणि हा दगड गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. फडक्यात अडकलेला त्याचा कण कानशीसारखे काम करतो. परिणाम पाहायचा असेल तर भर दुपारी एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणल्यासारखे दिसेल. गंमत अशी, की चरे सगळ्या दिशांनी गेलेले असतात; पण प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून गोल जाळ्याचा भास होतो. आपण बाजूला सरकलो की जाळेही आपल्याबरोबर सरकते.

मग माणूस गॅरेज गाठतो आणि तिथे त्याला ‘रबिंग-पॉलिश’ सुचवले जाते. इथे जरा थांबायला हवे. पॉलिशने चरा भरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. आजच्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमरचे थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. आपला केससुद्धा याहून जाड असतो. रंगाला उन्हापासून वाचवणारे द्रव्य याच थरात असते. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. माझा जन्म बँकेच्या टेबलामागे गेला, त्यामुळे मला हे त्याच भाषेत समजते. हे मुद्दल आहे, आणि या खात्यात पुन्हा भरणा करण्याची सोय नाही.

जुन्या गाड्यांचे एक बरे होते. फियाट ऊर्फ पद्मिनीच्या रंगावर असा वेगळा पारदर्शक थर नसे. रबिंग करताना गाडीचाच रंग फडक्यावर उतरायचा आणि आपण काय गमावतो आहोत ते डोळ्यांना दिसायचे. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि तो धडाही तिच्याबरोबर गेला. आता घासताना फडक्यावर पांढुरका राप येतो आणि मालक निर्धास्त राहतो.

काही पॉलिशमध्ये तेलकट भराव असतो. त्याने चरे बुजल्यासारखे दिसतात आणि दोन-चार धुण्यांनंतर पुन्हा उघडे पडतात. थकलेले कर्ज नव्या कर्जाने झाकण्याचा हा प्रकार आम्हा बँकवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

म्हणून माझे मत असे, की उन्हात जाळे दिसते एवढ्यासाठी दरवर्षी गाडी घासून घेऊ नये. चऱ्यावरून नख फिरवावे. नख अडकले नाही तर जाणत्या कारागिराकडून, आधी सौम्य पॉलिशने हातभर जागेवर करून पाहून, एकदा काम करून घ्यावे. नख अडकले तर चरा खोल आहे. तो घासून काढण्याच्या हट्टापायी वरचा थरच भेदला जाण्याची भीती असते, आणि मग दरवाजा नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कंपनीच्या रंगाशी तो जुळतोच असे नाही. त्यापेक्षा बारीक कुंचल्याने रंगाचा ठिपका भरून स्वस्थ बसावे.

‘पाणीच नाही, तर एका बादलीत धुणार नाही तर काय?’ असे आमच्याकडे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवते आहे. मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत बसतात. अशा ठिकाणी पाइप लावून गाडी धुणारा मला तरी पाहवत नाही. पण जपून धुवायला दोन बादल्या पुरतात. आधी तांब्याने पाणी सोडून धूळ भिजवून उतरवायची, मग वरून खाली, सावलीत, दर भागाला स्वच्छ फडके. दुसरी बादली फक्त फडके खळबळायला. चाकांचे फडके निराळे. कपड्यांचा साबण नको. आणि तेवढेही पाणी नसेल, तर काच पुसावी आणि गाडी धुळकट राहू द्यावी. नुसती बसलेली धूळ चरे पाडत नाही. ती कोरडी पुसली की पाडते. पक्ष्याची विष्ठा मात्र ठेवू नये. ओले फडके तिच्यावर थोडा वेळ ठेवून अलगद उचलावी.

आता हे फडके ज्याच्या हातात असते त्याच्याविषयी. आठ वाजायच्या आत दहा गाड्या पुसणाऱ्या पोराला एका गाडीमागे महिन्याला काहीशे रुपये मिळतात. फडके त्याचे, पाणीही त्यानेच शोधायचे. पाच-सात हजारांचे पॉलिश करून घेणारा मालक त्याला दुसरी बादली आणि सहा फडकी देत नाही, आणि चरे दिसले की पगार कापतो. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी असेच झाले. एका गृहस्थांनी दोन महिन्यांचे पैसे कापून पोराला काढून टाकले. हेच गृहस्थ रोज ऑफिसला निघताना सुती झाडणीने कोरडे बॉनेट फटाफट झाडतात, हे मी खिडकीतून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि झाडणी फेकून दिली. पोर आता आसनगावला एका टायरच्या दुकानात लागले आहे. कापलेले पैसे त्याला अजून मिळालेले नाहीत.