साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करून तुम्ही परीक्षेत गुण मिळवले असतील. माझ्या मते ही म्हण शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. शिवाय ती घरातल्या वडीलधाऱ्यांचे नुकसान करते. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात, ते साधे विसरणे. वयाबरोबर मेंदू थोडा मंदावतोच. पण चष्मा हातात असून तो कशासाठी असतो हेच कळेनासे झाले, तर ते वय नव्हे. तो आजार होय.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी एक रुग्ण स्त्री तपासली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. वय अवघे ५१! (साठी तर दूरच.) १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गाठोळ्या साचलेल्या आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता! गाठोळ्या बीटा-अ‍ॅमिलॉइड या प्रथिनाच्या आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुढे कळले. नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, हा गुंता लवकर ग्रासतो. म्हणूनच आजीला सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण लग्नातला उखाणा आठवतो.

आता गंमत पाहा. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास आरंभला. ६७८ जणींनी मृत्यूनंतर मेंदू तपासण्यास संमती दिली. काहींच्या मेंदूत भरपूर गाठोळ्या होत्या, तरी अखेरपर्यंत बुद्धी तल्लख! म्हणजे मेंदूपाशी काही शिल्लक असते आणि ती शिक्षणाने, कामाने, माणसांत राहण्याने वाढते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही तुमच्या ओळखीची. पण त्यांत अपुरे शालेय शिक्षणही आहे. चौथीत शाळा सुटलेल्या मुलीला तिची किंमत सत्तरीत मोजावी लागू शकते, हे मला सर्वांत बोचते.

आणि त्यांत बहिरेपणाही आहे! नीट ऐकू आले नाही की मेंदूची शक्ती शब्दांचा अंदाज बांधण्यात खर्च होते, मग माणूस बोलणेच टाळतो. श्रवणयंत्राने काय होते, हे अमेरिकेत तीन वर्षे पाहण्यात आले. निष्कर्ष २०२३ साली आला. सरसकट सर्वांना लाभ दिसला नाही. पण ज्यांना धोका अधिक होता, त्यांच्यातली घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. चष्म्याची लाज कोणाला वाटत नाही, मग कानातल्या यंत्राचीच का वाटावी? आपण मात्र आजीवर ओरडतो आणि वर म्हातारचळ म्हणतो. कधी कधी तर नुसता साचलेला मळ काढल्यावरही ऐकू येऊ लागते. कानाचे डॉक्टर आधी तेच पाहतात.