बीबीएला सीईटी लागली, पण फॉर्मची तारीख गावात कोण सांगणार?

बारावीचा निकाल लागला की कोपरगावपासून जामखेडपर्यंत घराघरात एकच विषय असतो, आता पुढं काय? इंजिनिअरिंगचा खर्च झेपत नाही, नुसत्या बी.ए.ला नोकरी मिळत नाही. मग कोणीतरी सांगतं, बीबीए करा, मॅनेजमेंट शिका. सल्ला चुकीचा नाही. पण आता निकालानंतर विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो.

पूर्वी बारावीच्या मार्कांवर कॉलेजात जाऊन बीबीएला नाव घालता यायचं. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. पहिली परीक्षा २९ मे २०२४ ला झाली. बारावीचा निकाल लागला २१ मे रोजी. फॉर्म भरायची मुदत त्याआधीच संपली होती. शहरातल्या क्लासवाल्या पोरांना हे ठाऊक होतं. पाथर्डी-शेवगावच्या वाडीवस्तीवर कोणी सांगायचं?

परिणाम लगेच दिसला. राज्यात जागा एक लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेले त्याच्या निम्म्याच्या आसपास. शेवटी ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदलून सीईटीतून वाट काढली. म्हणून पोराचं नाव घालण्याआधी विचारा, डिग्रीवर नेमकं काय नाव येणार आणि एआयसीटीईची मान्यता आहे का?

परीक्षा कॉम्प्युटरवर, इंग्रजीतून, १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यात इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची माहिती, अशी पहिल्या वर्षीची पद्धत होती. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नव्हते. मराठी माध्यमाच्या पोराला खरी अडचण इंग्रजीची. त्याची तयारी अकरावीपासूनच हवी.

सीईटी हुकली म्हणून मॅनेजमेंटचं दार बंद झालं असं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.कॉम.ला 'व्यवसाय प्रशासन' हा स्पेशल विषय घेण्याची सोय कित्येक वर्षांची आहे. बी.कॉम.ला सीईटी नाही, अनुदानित तुकडीत फी कमी, आणि बऱ्याच ठिकाणी पेपर मराठीतून लिहिता येतो. बीबीए मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे फीचा भार घरावर. बी.कॉम. झाल्यावरही एमबीएची सीईटी देता येते. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांची रचना बदलली आहे, तेव्हा आपल्या कॉलेजात आता हा विषय कोणत्या वर्षी, कोणत्या नावाने मिळतो हे विचारून घ्या.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. ती तुमच्या कॉलेजात, तुमच्या कोर्सला लागू आहे का, हे लेखी विचारा.

आता राहिला मोठा प्रश्न, शिकून करायचं काय? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर जिल्ह्यात कारखाने, दूध संघ, पतसंस्था उभ्या राहिल्या, आता शेतकरी कंपन्या निघताहेत. हिशेब ठेवणारा, माल विकणारा, माणसं सांभाळणारा माणूस या सगळ्यांना लागतो. पण नुसती डिग्री पाहून कोणी खुर्ची देत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत जीएसटीचं बिल, एक्सेलची शीट आणि बँकेचं प्रकरण स्वतः करता आलं पाहिजे. ते कॉलेज शिकवतं का, हे तिथं शिकून गेलेल्या दोन पोरांना विचारा. माहितीपत्रक सगळ्यांचंच चकचकीत असतं.

डिसेंबर उजाडला की बारावीच्या पोराने आठवड्याला एकदा सीईटी सेलची वेबसाइट उघडावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवावं. तहसीलची गर्दी जूनमध्ये कशी असते, हे सगळ्यांना माहीत आहे.