खजिन्याचे नव्हे, अंगठीचे मशीन

मी एक जुना मेटल डिटेक्टर घेतोय. पहिला आहेच, हा जोडीला राखीव. घरात सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, जुना घेवन काय करतलास? खोल जाणारो नवीन घेवा." शेजारचे आबा तर कुंपणावरूनच ओरडले, "खजिनो गावलो तर अर्धो माझो हां!"

हे "खजिनो" ऐकून ऐकून मी आता खरंच वैतागलोय.

माझा उद्योग एवढाच : चिवल्याला किंवा तारकर्लीला पाण्यात खेळताना पाहुण्यांची अंगठी जाते, ती शोधून द्यायची. (पैसे घेत नाही, सोलकढी चालते.) आज पडलेली अंगठी बहुधा वीतभर वाळूखालीच असते. मग खोल जाणारे मशीन हवे कुणाला? ज्याला शेकडो वर्षांपूर्वी पुरलेले हवे आहे त्याला! हौस वगैरे काही नाही, तो हव्यास आहे.

२०२५ साली 'छावा' पाहून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोकांनी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेते उकरली. आपण हसलो. पण आपल्याकडचे गप्पिष्ट तरी काय वेगळे बोलतात? सिंधुदुर्ग किल्ला संरक्षित स्मारक आहे, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेला. तिथे परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा. बाहेरही १८७८चा कायदा आहेच : जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले की कलेक्टरला कळवायचे, लपवले तर एक वर्षापर्यंत कैद. कायदा सोडा. एखादी शिवराई कुठल्या थरात, कशाशेजारी होती यावरून अभ्यासकाला काळ कळतो. उपटून खिशात घातली की उरतो तांब्याचा तुकडा.

आता राखीव मशीन का, ते सांगतो. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या एका ताईंचे मंगळसूत्र गेले. भरती यायला तास-दीड तास होता, आणि माझ्या मशीनच्या डब्यात खारे पाणी शिरलेले. मुके झाले. तसेही बारीक साखळी पकडणे अंगठीपेक्षा कठीण, कारण कड्या सुट्या सुट्या, सिग्नल नावापुरता. मी हातांनी वाळू चाळत बसलो. पाणी आले. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

जुनेच का? ओल्या खाऱ्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीची मशीन नुसती किरकिरतात, मग ती नवी का असेनात. अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारी मशीन नव्वदच्या दशकातच आली होती. पडदा नाही, मेनू नाही, चार बटणे फिरवायची आणि कानाने ऐकायचे. कमी किमतीत मिळतात, मला तेवढे पुरे.

परवा एका विकणाऱ्याला फोन केला. त्याने तारीफ काय करावी? "साहेब, किल्ल्यांवर फिरलेलं आहे. चार फुटांवरचा हंडा दाखवतं." मी फोन ठेवला. पुतण्या म्हणाला, अहो, स्वस्त होतं ना! असेल. दुसरे बघतोय. पावसाळा आहे, किनारा रिकामा आहे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मिळाले म्हणजे झाले.