एक्सप्लेनर : भुकेल्याला धान्य द्यायचं की पैसे? अमेरिकेतल्या वादाचं उत्तर शिरूर-दौंडमध्ये सापडतं

माझी आजी शिरूर तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की ती दोनच गोष्टी सांगते. एक, खडी फोडून हाताला आलेले फोड. दुसरी, ‘मिलो’. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, असं आजी म्हणते. तरी रेशनच्या दुकानापुढे पहाटेपासून रांग असायची, कारण दुसरं काही नव्हतं.

आजीच्या या दोन आठवणींमध्येच एक जागतिक वाद दडलेला आहे, हे मला बातम्या करताना उशिरा कळलं. उपाशी माणसाला दूरच्या देशातलं धान्य जहाजाने पाठवायचं, की त्याच्या हातात पैसे देऊन जवळपासचं धान्य विकत घेऊ द्यायचं, असा हा वाद आहे.

आत्ता हा विषय का?

जगात २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. त्यांना मदत करणारा सर्वात मोठा देश अमेरिका. तिथली ‘युसेड’ ही मदतसंस्था १ जुलै २०२५ ला अधिकृतपणे बंद झाली. त्याच महिन्यात बातमी आली की दुबईच्या गोदामात पडून राहिलेली जवळपास ५०० टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपल्याने जाळावी लागणार. जागतिक अन्न कार्यक्रमाचा निधीही २०२५ मध्ये सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पैसा आटतो तेव्हा उरलेला प्रत्येक रुपया कसा खर्च होतो, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि अन्नमदतीतला बराच पैसा अन्नावर खर्चच होत नाही.

तो जातो कुठे?

अमेरिकेत १० जुलै १९५४ ला आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. आपल्याकडची जुनी माणसं त्याला ‘पीएल-४८०’ म्हणून ओळखतात. हेतू दुहेरी होता. भुकेल्या देशांना धान्य मिळावं आणि अमेरिकी शेतकऱ्याचं जादा धान्यही खपावं. म्हणून धान्य अमेरिकेतच खरेदी करायचं, आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यायचा, असा नियम. जहाजांचा हा हिस्सा काही वर्षं ७५ टक्के होता. २०१२ पासून तो ५० टक्के आहे.

याचा परिणाम काय, ते अमेरिकेच्याच सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाने २००९ मध्ये मोजलं. आफ्रिकेतल्या १० देशांत अमेरिकेहून धान्य पोहोचायला सरासरी १४७ दिवस लागत होते. त्याच देशात खरेदी केलं तर ३५ दिवस, शेजारच्या देशातून आणलं तर ४१. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत स्थानिक खरेदी सुमारे ३४ टक्के स्वस्त पडत होती. १४७ दिवस म्हणजे जवळपास पाच महिने. आपल्याकडे खरीप पेरून, काढून, विकून होतो एवढा काळ.

हे आकडे समोर असूनही बदल का होत नाही? शेतकरी, जहाज कंपन्या आणि काही स्वयंसेवी संस्था, या तिघांचे हितसंबंध त्यात गुंतलेले होते. काही संस्था मदतीचं धान्य गरीब देशातल्या बाजारात विकून आपले प्रकल्प चालवायच्या. अशाने तिथल्याच शेतकऱ्याचा भाव पडतो. ‘केअर’ या संस्थेने २००७ मध्ये ही पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिने वर्षाला कोट्यवधी डॉलरवर पाणी सोडलं. कॅनडाने २००८ मध्ये आपली अन्नमदत पूर्ण मोकळी केली. ओबामांनी २०१३ मध्ये जवळपास निम्मा निधी स्थानिक खरेदीसाठी वापरू द्या, असा प्रस्ताव ठेवला. संसदेने त्यातलं थोडंसंच मान्य केलं.

आपण या साखळीच्या दुसऱ्या टोकाला होतो

१९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं, त्यातलं बरंचसं पीएल-४८० खाली. अध्यक्ष जॉन्सन तेव्हा जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनामवर अमेरिकेविरुद्ध बोलू नये, हा दबाव त्यामागे होता. मदत देणाऱ्याच्या हातात दोरी असते ती अशी.

(जाता जाता : दौंडच्या रस्त्याकडेला वाढणारं गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आलं असं आपण शाळेपासून ऐकतो. हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं होतं आणि भारताचा पहिला पीएल-४८० करार ऑगस्ट १९५६ चा आहे. तारखा जुळत नाहीत. आयात धान्याबरोबर ते आलंही असेल, पण या करारावर खापर फोडता येत नाही.)

त्याआधीही एक प्रसंग आहे, तो थेट दौंड तालुक्याशी जोडलेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात ‘क्विटो’ नावाचं जहाज न्यूयॉर्कहून सुमारे पाच हजार टन मका घेऊन मुंबईला आलं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या नियतकालिकाने वाचकांकडून जमवलेली ही मदत होती. त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका मिळून सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. रमाबाईंनाही परदेशातून मदत यायची, पण मुख्यतः पैशाच्या रूपात. त्या पैशातून जमीन घेतली गेली, विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली. जहाजातला मका खाऊन संपला. केडगावची संस्था आजही आहे. या तुलनेत अन्याय आहे हे मान्य. एक तातडीची मदत होती, दुसरं आयुष्यभराचं काम. पण पैसा हाती असला की इथलं काय लागतं ते इथला माणूस ठरवतो, हे त्यातून दिसतं.

बहात्तरला काय वेगळं झालं?

आता आजीच्या पहिल्या आठवणीकडे, खडीकडे. मिलो आली, कामावर सुकडी वाटली गेली, हे खरं. पण १९७२-७३ मध्ये महाराष्ट्राला मुख्यतः तारलं ते मजुरीने. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. शिरूर-दौंडच्या गावांत ‘बहात्तरचा तलाव’ म्हणून दाखवतात ते यातलेच.

अर्थतज्ज्ञ ज्याँ ड्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मजुरी रोख मिळाल्याने लोकांकडे खरेदीची ताकद आली, आणि जिथे खरेदीदार असतो तिथे धान्य ओढलं जातं. आंतरराज्य वाहतुकीवर बंधनं असतानाही व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य आणलं. पीक इतकं बुडूनही राज्यात मोठा मृत्युकांड झाला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता. लोक उपाशी मरतात ते अनेकदा धान्य नसतं म्हणून नाही, ते घ्यायची ऐपत उरत नाही म्हणून.

या कामांमागची कल्पना वि. स. पागे यांची. तिचा प्रयोग १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला झाला होता. पुढे तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदाही त्याच वाटेने आला. खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ इथे आहे. पुणे-मुंबईच्या नोकरदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला पाठवलेली ही मदत. तिला जहाज लागलं नाही.

मग सगळीकडे पैसेच द्यावेत का?

नाही. गाझासारख्या वेढ्यात बाजारात धान्यच येऊ दिलं जात नसेल, तर हातातल्या नोटेचा उपयोग शून्य. शेजारच्या चार जिल्ह्यांत पीक बुडालेलं असताना तिथेच खरेदी केली तर भाव भडकतो आणि ज्याला मदत मिळाली नाही तो गरीब आणखी भरडला जातो. बहात्तरलाही बाहेरचं धान्य रेशनवर नसतं तर मजुरीच्या पैशात किती आलं असतं, हा प्रश्न उरतोच. म्हणून मिलोला नावं ठेवताना आजीसुद्धा शेवटी म्हणते, “पण जगवलं बाई तिनं.”

माझा आक्षेप धान्य पाठवण्याला नाही. काय पाठवायचं हे भुकेल्या माणसाची गरज बघून ठरावं. ते शेतकरी संघटना किंवा जहाज कंपनीची गरज बघून ठरतं, ही अडचण आहे. त्यासाठी कायद्यातली सक्ती काढावी लागेल.

आणि अमेरिकेकडे बोट दाखवताना आपल्या रेशनकडेही बघायला हवं. शिरूर-दौंड हा बाजरी-ज्वारीचा पट्टा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य देण्याची सोय आहे, पण पिशवीत येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. तोही माणशी पाच किलो, फुकट. गावात रेशनचा तांदूळ विकून बाजरी घेणारी घरं सापडतात. शेजारच्या शेतकऱ्याची बाजरी हमीभावाने घेऊन त्याच तालुक्याच्या दुकानात विकायला कुठल्याही परदेशी संसदेची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीनंतरची. बीड-नगरकडून ऊसतोड मजूर या दोन तालुक्यांत येतात, दौंडच्या गुऱ्हाळांवर परप्रांतीय कामगार असतात. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे त्यांना इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेण्याचा हक्क आहे. पण दुकानदाराकडे तेवढा जादा माल आलेला असेल तरच तो हक्क पिशवीत उतरतो. हंगामात कोणत्या गावाच्या शिवारात किती कोयते पडणार, हे कारखान्याला आधीच माहीत असतं, कारण टोळ्यांना उचल देऊनच आणलेलं असतं. ती यादी ऑक्टोबरमध्ये तहसीलच्या पुरवठा शाखेकडे गेली, तर त्या हिशेबाने नोव्हेंबरचा कोटा वाढवता येईल.